काठीचं रबर

मी नववीत असताना टावर चौकात सांडलेल्या तेलावरून बाबांची स्कूटर घसरली आणि त्यांचा उजवा पाय मोडला. आमचं गाव हिंदी मुलखातलं, त्यामुळे बाबा शाळेत फिजिक्स हिंदीतून शिकवायचे. घरी आम्ही मराठीत बोलायचो, पण विषय फिजिक्सचा निघाला की त्यांची गाडी आपोआप हिंदीवर जायची. पाय प्लास्टरमध्ये असताना पलंगावर बसूनच त्यांनी मला घर्षणाचा धडा शिकवला.

"घर्षण म्हणजे अडथळाच ना?" मी विचारलं.

"अच्छा! मग त्याच्याशिवाय चालून दाखव," ते म्हणाले. "पैर जमीन को पीछे धकेलता है, जमीन पैर को आगे. घर्षण नसेल तर पाय नुसताच मागे सरकेल आणि तू जागच्या जागी."

दीड महिन्यानं प्लास्टर निघालं. शेजारच्या काकांनी आपली जुनी काठी आणून दिली. पण माधव नगरच्या आमच्या घरात त्याच वर्षी हौसेनं चकचकीत टाइल्स बसवल्या होत्या. पहिल्याच पावलाला काठी सटकली. आईनं धरलं म्हणून बाबा पडले नाहीत.

त्यानंतर ते उठेनातच. "पायात जोरच नाही," म्हणायचे. शाळेतली मुलं भेटायला आली तर झोपल्याचं सोंग घ्यायचे. आई रोज सकाळी म्हणायची, "अहो, दोन पावलं तरी टाका." ते भिंतीकडे तोंड फिरवायचे. मला त्यांचा रागच यायचा.

एका रविवारी खोली झाडताना कोपऱ्यातली ती काठी आडवी पडली. उचलताना तिचं टोक दिसलं. खालचं रबर झिजून पार गुळगुळीत झालं होतं. मी झाडू तिथेच टाकला, सायकल काढली आणि फ्रीगंजच्या बाजारातून खाचा असलेलं जाड रबर घेऊन आले.

काठीचं जुनं रबर काढून दोन्ही रबरं बाबांच्या हातात दिली. "बाबा, तुमच्या पायाचं काही चुकलं नव्हतं."

जुन्या रबरावरून ते कितीतरी वेळ अंगठा फिरवत राहिले. "वर्गात एखाद्याच्या हे लक्षात आलं नसतं, तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं," ते म्हणाले. मग खाली बघत हळूच म्हणाले, "घाबरलो होतो गं मी."

बाबांच्या तोंडून हे मी कधीच ऐकलं नव्हतं. मी खाली बसून काठीला नवं रबर चढवायला लागले. ते घट्ट होतं, बसता बसेना. बाबांनी वाकून वरून काठी दाबून धरली.

मग ते उठले. एक हात काठीवर, एक माझ्या खांद्यावर. काठी टेकली, ती हलली नाही. पुढचं पाऊल. थांबून आणखी एक. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचायला आम्हाला चांगली पाच मिनिटं लागली असतील.

आई पोळ्या लाटत होती. तिनं वळून पाहिलं, आणि पिठाच्या हातानंच स्टूल पुढे ओढलं.

"राहू दे," बाबा म्हणाले, "जरा उभाच राहतो."