बघू

वॉशिंग्टनमधले आमचे सिनेटर इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीला आले, तेव्हाच मला शंका आली. माणूस मवाळ. चकली घेतली, करंजीही घेतली आणि दोन्ही अर्धी ठेवली.

मला हळूच विचारलं, "हो किंवा नाही म्हणायचं नसेल, तर तुम्ही काय म्हणता?"

"बघू," मी म्हटलं.

मग स्टेजवर मंडळातल्या एका काकूंनी त्यांना विचारलं, "इथे गव्हर्नरच्या निवडणुकीला उभे राहणार का?"

"बघू!"

हॉलभर टाळ्या.

मी त्यांना पार्किंगमध्ये गाठलं. "आमच्या ग्रीन कार्डच्या बिलाला मत देणार ना?"

त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घेतला. "बघू."

आमच्या घरी बाबांच्या 'बघू'चा अर्थ काय, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांना तो आधीच ठाऊक होता.