पडद्यामागचा पहिला नंबर

सांगलीला कॉलेजात शिकायला मी गेले ती खालाच्या, म्हणजे मावशीच्या भरवशावर. आमचं घर साताऱ्याचं. वडील कोर्टात बेलीफ. साताऱ्यातही कॉलेज होतं, पण तिथं मी रोज गल्लीतून जाताना दिसले असते आणि वडिलांना मशिदीच्या पायरीवर चार जणांना उत्तरं द्यावी लागली असती. सांगलीत खाला होती, तिचे यजमान माधवनगरच्या गिरणीत हजेरी कारकून होते, मूलबाळ नव्हतं. माझ्यावर लक्ष ठेवणं हेच खालाचं काम झालं. घरून निघताना मी बुरखा घालायची आणि कॉलेजच्या लेडीज रूममध्ये त्याची घडी करून पिशवीत ठेवायची. खालाला हे कधीच कळलं नाही.

बांगलादेशची लढाई तोंडावर आली होती. समाजातल्या वडीलधाऱ्यांना त्या सुमारास वाटू लागलं, की कॉलेजात जाणारी पोरं बिघडत चालली आहेत. मुलं सिनेमा बघतात, मुली डोकं उघडं टाकून हिंडतात. म्हणून शनिवारी दुपारी मशिदीशेजारच्या हॉलमध्ये अख्लाकचा वर्ग सुरू झाला. अख्लाक म्हणजे सदाचार. शिकवायला उर्दू शाळेचे निवृत्त हेडमास्तर होते. पांढरी शेरवानी, अत्तराचा मंद वास, आणि बोलणं असं की ऐकतच राहावं. आमच्यातल्या निम्म्यांना उर्दू येत नव्हतं म्हणून ते मराठीतच शिकवत, मधे मधे कुराणातली एखादी आयत म्हणत आणि अर्थ सांगत. पुढं चटईवर वीस-बावीस मुलं बसत. मागं दोरीवर एक निळी चादर टांगलेली, तिच्यामागं आम्ही सात मुली.

त्या सातांत माझी एक मैत्रीण होती. पलूसची. रोज एसटीनं जाऊन-येऊन करायची. वडील लहानपणीच गेलेले, आईला हृदयाचा आजार, थोरला भाऊ लष्करात. घर चुलत्याच्या ताब्यात. त्याची पिठाची गिरणी होती. तिला उर्दूचं एक अक्षर यायचं नाही. हेडमास्तरसाहेबांनी एखादा शब्द वापरला की ती मला कोपरानं ढोसायची, "आगं, ह्याचा अर्थ काय?" मी ऐटीत अर्थ सांगायची. मला उर्दू येतं याचा मला फार अभिमान होता. तिचा आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. चादरीपलीकडून हेडमास्तरसाहेब खाकरत आणि मी तिला चिमटा काढी.

दोन महिने ते जिभेच्या पापांवर बोलत होते. पाठीमागं कुणाबद्दल खरं बोललं तरी ती गीबत, आणि खोटं बोललं तर तो बोहतान, म्हणजे किटाळ. गीबत करणं म्हणजे मेलेल्या भावाचं मांस खाणं. बाईच्या अब्रूवर बोट दाखवणाऱ्यानं चार साक्षीदार आणावेत, नाही आणले तर शिक्षा त्यालाच. हे सांगताना त्यांचा आवाज कापायचा. माझ्या मैत्रिणीनं त्या दिवशी बाहेर पडताना म्हटलं, "आमच्या गल्लीतल्या समद्या बायकास्नी हितं आणून बसवाय पायजे."

मग निबंधाची स्पर्धा झाली. मी ‘जिभेची अमानत’ असा विषय घेतला. जीभ ही आपली नाही, ठेव म्हणून दिलेली आहे, असं काहीतरी लिहिलं. मुलं आणि मुली मिळून पहिला नंबर माझा आला. हेडमास्तरसाहेबांनी निबंधातला अर्धा भाग मोठ्यानं वाचून दाखवला. मला स्वतःला चादरीतून पुढं जाता येईना, म्हणून बक्षिसाचं फाउंटन पेन चादरीखालून आत सरकवलं गेलं. माझ्या मैत्रिणीनं ते उचलून माझ्या हातात दिलं आणि माझ्या गालावर थाप मारली.

त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी एका शनिवारी ती वर्गाला आली नाही. डोकं दुखतंय, लवकरच्या गाडीनं घरी जाते, असं मला कॉलेजात म्हणाली होती. वर्ग सुटल्यावर खालानं सांगितलेलं सामान घ्यायला मी एसटी स्टँडकडून निघाले. स्टँडच्या कँटीनमध्ये ती बसलेली दिसली. समोर तिशीतला एक माणूस होता, कपाळाला गंध, केस बारीक कापलेले. त्यानं तिला घडी घातलेला कागद दिला. तिनं तो वाचला, पदरानं डोळे पुसले आणि मग तिचं ते मोठं हसू हसली. कागद ब्लाउजमध्ये ठेवला.

मी बुरख्यात होते, तिनं मला ओळखलं नाही. मी पुढं होऊन तिला हाक मारायला हवी होती. मारली नाही. मला राग आला होता. ती माझ्याशी खोटं बोलली आणि तिच्या आयुष्यात असं काही आहे जे मला ठाऊक नाही, याचा राग. त्या रागाला मी तेव्हा धर्माची काळजी असं नाव दिलं.

संध्याकाळी खाला तांदूळ निवडत होती. मी समोर बसून खडे वेचत होते. मी सहज सुरात म्हणाले, "ती पलूसची पोरगी आज स्टँडवर दिसली."

"किसके साथ?" खालानं मान वर केली. बरोबर कोणी होतं असं मी म्हटलंच नव्हतं. पण खालाला ते सांगावं लागत नसे.

"कोण होता ठाऊक नाही. एक माणूस होता. कागद दिला त्यानं."

"अपने में का था?"

मी खाली बघून म्हणाले, "गंध होतं कपाळाला."

खालानं सूप बाजूला ठेवलं. "और वो क्या कर रही थी?"

"हसत होती."

तिनं डोळे पुसले, हे मी सांगितलं नाही. त्या एका गोष्टीवर मी आजवर किती विचार केला असेल याला मोजमाप नाही. मी जे सांगितलं त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. पण पहिला नंबर आलेल्या मुलीला काय गाळायचं ते बरोबर समजलं होतं.

खालानं ते वर्ग चालवणाऱ्या कमिटीतल्या एकाच्या बायकोला सांगितलं. चार दिवसांत ते हेडमास्तरसाहेबांपर्यंत गेलं. पुढच्या शनिवारी वर्ग सुटल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. मी चादरीमागं, ते पुढं.

"बेटी, तू स्वतः पाहिलंस?"

"जी."

"गैर माणूस होता?"

"जी."

"हसत होती?"

"जी."

मला वाटलं, आता ते बाकीच्या तीन साक्षीदारांचं विचारतील. निदान तो माणूस कोण होता हे आधी तिलाच विचारूया, असं तरी म्हणतील. ते म्हणाले, "तू फर्ज अदा केलास. तुझं नाव कुठं येणार नाही." मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण बरंच वाटलं होतं.

त्यांनी पलूसला चुलत्याला पत्र लिहिलं. त्यानंतर ती कॉलेजात एकदाच आली, दाखला न्यायला. चुलता ऑफिसात उभा होता. ती लेडीज रूममध्ये शिरली तेव्हा मी बुरख्याची घडी घालत होते. तिच्या डाव्या गालावर वळ होता.

"कुणीतरी मास्तरसायबास्नी सांगितलंय," ती म्हणाली. "तू बोललीस काय गं?"

"मी? मी कशाला बोलेन?"

ती माझ्याकडं बघत राहिली. "मला सांगता येत न्हाई गं, कोण हुता त्यो. शबूद दिलाय मी. आजून म्हैनाभर तरी न्हाई सांगता यायचं. चुलता लय मारतोय, पर न्हाई सांगितलं."

"मग सांगून टाक की," मी म्हणाले. "शब्दापेक्षा अब्रू मोठी."

"मास्तरसायबांनी तर शिकवलं, शबूद म्हंजे अमानत." तिनं तो शब्द नीट उच्चारला. मीच तो तिला समजावला होता. मग बाहेरून चुलत्याची हाक आली आणि ती गेली.

तीन आठवड्यांत तिचं लग्न झालं. लोणंदचा बिजवर, कांद्याची अडत, पहिलीच्या दोन मुली. तिची आई म्हणत होती, पोरगा लढाईवरून येऊ द्या, मग करू. चुलता म्हणाला, तोवर तोंड दाखवायला जागा उरणार नाही. हे मला पलूसहून येणाऱ्या दुसऱ्या एका मुलीनं सांगितलं.

तिचा भाऊ आला तो उन्हाळ्याच्या तोंडाशी, आणि तोही त्या शनिवारच्या वर्गात. दारात कुबड्यांचा आवाज झाला म्हणून आम्ही चादरीच्या फटीतून पाहिलं. खाकी पँटचा एक पाय गुडघ्यापाशी दुमडून टाचलेला होता. हेडमास्तरसाहेब लगबगीनं उठले.

"या बेटा, बसा."

"हुबाच ऱ्हातो. बसलं की उठाय येत न्हाई." त्याचा आवाज बहिणीसारखाच मोठा होता. "तुमीच पत्र धाडलं व्हतं न्हवं माझ्या चुलत्याला?"

हेडमास्तरसाहेबांनी मान हलवली.

"त्यो माणूस माझ्या पलटणीतला. शेजारच्या गावचा. रजेवर निघाला व्हता, त्याच्याजवळ मी चिठ्ठी दिली. दोन म्हैनं माझं पत्र न्हवतं, घरी समद्यांस्नी वाटत व्हतं, मी मेलो का काय. चिठ्ठीत लिवलं, मी जिता हाय, पर पाय गेलाय. आईला धक्का सोसायचा न्हाई, मी सवता येऊन सांगीन. तवर कुनाला बोलू नगंस, चुलत्यालाबी न्हाई, त्याच्या पोटात काय ऱ्हात न्हाई. तिनं न्हाई सांगितलं. मार खाल्ला, लगीन केलं, पर न्हाई सांगितलं." तो कुबडीवर पुढं झुकला. "मास्तर, तुमी तिला एका शब्दानं इचारलं न्हाई?"

हेडमास्तरसाहेबांचा हात शेरवानीच्या गुंड्यांवर फिरत होता. "बेटा, जे कानावर आलं..."

"कुनी बघितलं? त्याला म्होरं आना. मला फकस्त त्याचं त्वांड बघायचं हाय."

"नाव सांगणं बरोबर नाही. दुसऱ्याचा ऐब, दोष, झाकावा, अल्ला आपले ऐब झाकतो."

चादरीमागं आम्ही सहा जणी होतो. पाच जणी माझ्याकडं बघत होत्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. सांगलीत काय लपतं? मी उठले नाही. मला दोन्ही पाय होते आणि मी उठले नाही. भाऊ थोडा वेळ थांबला, मग वळला. पायरी उतरताना त्याची कुबडी घसरली, पुढच्या मुलांतला एक जण धावला, त्याला त्यानं हातानंच दूर केलं.

तो गेल्यावर हेडमास्तरसाहेब पाणी प्यायले आणि त्यांनी राहिलेला धडा पुढं चालू केला. विषय होता सब्र. संयम.

चार दिवसांनी मी त्यांच्या घरी गेले. म्हटलं, "जनाब, तुम्ही एक पत्र लोणंदला लिहा. तिच्या सासरी. जे झालं तो बोहतान होता, असं लिहा. चुलत्यालाही लिहा. माझं नाव घाला."

ते बरेच थकलेले दिसत होते. "बेटी, तिचा संसार लागलाय. आता जुनं उकरून काढलं तर नुकसान तिचंच. लोक म्हणतील, काहीतरी असल्याशिवाय एवढी पत्रं कशी? तू तौबा कर. अल्ला मोठा आहे."

हे खोटं आहे हे मला तिथंच कळलं, आणि मला तेच ऐकायचं होतं, म्हणून मी सलाम करून उठले. वर्ग पुढं दोन वर्षं चालला. मी एकही शनिवार चुकवला नाही. चुकवला असता तर लोकांनी कारण विचारलं असतं.

बी.ए. होऊन मी साताऱ्याला परतले, मुलींच्या शाळेत लागले. हेडमास्तरसाहेबांनीच एकदा शिकवलं होतं, की माणसानं माणसाशी केलेला गुन्हा अल्लाही माफ करत नाही, ज्याच्याशी केला त्यानंच तो माफ करायचा असतो. हे वाक्य माझा पिच्छा सोडेना. तिच्या लग्नानंतर चौथ्या वर्षी मी रेल्वेनं लोणंदला गेले. अडतीवर विचारत विचारत घर सापडलं. ती ओसरीत कांद्याच्या माळा बांधत होती. अंगानं सुटली होती. मला बघून उठली नाही.

"ये," म्हणाली. "लय दिसांनी."

मी चपला काढल्या नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले, "त्या दिवशी खालाला मीच सांगितलं होतं."

"ठावं हाय." ती माळ बांधतच राहिली. "तवाच ठावं हुतं. तुझी नजर खाली गेली की गं."

"मला माफ कर."

तिनं हातातली पात खाली ठेवली आणि खरंच विचार केला. मला ते दिसत होतं; ती मला दुखवायला काही बोलत नव्हती. मग म्हणाली, "न्हाई जमत मला. तू बोललीस त्याचं न्हाई एवढं. बोलतं मानूस. पर मी तोंडावर इचारलं तवा तू न्हाई म्हनलीस. चुलता मारत हुता तवा मला वाटायचं, एक तरी हाय सांगलीत, जी म्हणंल, ही आशी न्हाई. तीच तू हुतीस." पुन्हा पात उचलली. "मरायच्या आधी जमलं तर कळवीन. आता जा. च्या घेऊन जा पायजे तर."

मी चहा घेतला. नाही म्हणायची छाती झाली नाही. आतून एक दहा-बारा वर्षांची मुलगी कप घेऊन आली, सावत्र मुलगी असावी. तिनं मला विचारलं, "तुमी मास्तरीण हाय का?" मी हो म्हटलं. "ही हुशार हाय," मैत्रीण म्हणाली, पहिल्यांदाच थोडी हसून. "हिला शिकवणार मी. कॉलेजात घालणार. पर तसल्या वर्गाला न्हाई धाडायची."

पुढच्या वर्षी साताऱ्यातल्या कमिटीची दोन माणसं आमच्या घरी आली. कॉलेजातल्या मुलींसाठी अख्लाकचा वर्ग सुरू करायचा होता आणि सांगलीच्या हेडमास्तरसाहेबांनी माझं नाव सुचवलं होतं, ‘माझी पहिल्या नंबरची विद्यार्थिनी’ म्हणून. वडिलांचा चेहरा उजळला. मी म्हणाले, प्रकृती साथ देत नाही. त्यांनी दुवा दिली आणि सरबत पिऊन गेले.