हजेरी माझी, हात सगुणाचा

सगुणा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी भांडी घासत होते. सगळी घासून झाली, मग उठले. रडू आलं नाही. त्याला महिना होऊन गेला, पण तेव्हापासून एका जागी बसवत नाही... मध्येच उठते, अंगणात जाते, परत येते.

सत्तर सालानंतर आम्ही दोघी लाखनीजवळच्या एका राईस मिलमध्ये कामाला होतो. सकाळी मुकादम खाली मान घालून नावं पुकारायचा. हंगामात खाडा झाला की काम जायचं, म्हणून जिची सुटी असेल ती बाई दुसरीच्या नावावर उभी राहायची. माझं नाव, "कौसल्या", पुकारलं की तिने "हाव" म्हणायचं. मुकादमाला सगळं ठाऊक होतं. माझ्या बहिणीचं लग्न आसगावला निघालं तेव्हा मी सगुणाला विचारलं, "माझ्या नावानं उभी राहशील का वो?"

"राहतो ना. पण लाडू आणजो, नाही तं तुया नावानं तिथं झोपून राहीन."

लाडू घेऊन परतले तर ती दवाखान्यात. मशीनच्या पट्ट्याजवळ अडकलेला कोंडा काढताना उजव्या हाताची चारही बोटं गेली होती.

तिने भरपाईचा अर्ज केला. मिलवाल्यांनी हजेरीबुक पुढे केलं. त्या दिवशी सगुणा कामावर नव्हतीच, कौसल्या होती. भंडाऱ्याच्या कचेरीत मला साक्षीला नेलं. "खरं बोललीस तं तुयं काम गेलं समज," असं मुकादमाने बजावलं होतं. नवरा खाटेवर पडलेला, घर माझ्यावर. हे कारण झालं, समर्थन नाही.

साहेबांनी विचारलं, "त्या दिवशी कामावर कोण होतं?"

"मी."

"हात दाखवा."

मी दोन्ही हात वर केले. सगुणा समोरच्या बाकावर होती, उजवा हात पदराखाली. अर्ज फेटाळला गेला.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "बांगड्या नव्या दिसून राहिल्या वो. लग्नातल्या का?" मी बांगड्या पदराखाली घेतल्या. "बोल ना. अंदर तं बराबर बोललीस." मग बसस्टँडपर्यंत दोघी बरोबरच चाललो.

मिलने तिला परत घेतलं नाही. लोकांचं धान्य पाखडून तिने मुलगी वाढवली. माझ्याशी बोलणं मात्र सोडलं नाही, तेच वाईट. भांडली असती तर मीही भांडले असते. पुढे मी मिल सोडली, तेव्हा खरं सांगायला कोणाची भीती उरली नव्हती. तेव्हाही गेले नाही...

तेरवीनंतर सगुणाच्या मुलीने मला आतल्या खोलीत नेलं. भिंतीला सूप टांगलेलं होतं. त्याच्या उजव्या कडेला लुगड्याच्या चिंध्यांची आखूड खोळ शिवलेली. तिच्यात उरलेला पंजा खुपसून सगुणा पाखडायची.

"मावशी, तुमीच घेऊन जा. आमच्या कोणाच्या हाताले येत नाही."

मी हात घालून पाहिला. बोटं तळाला टेकली, तळवा बाहेरच राहिला. मूठ वळून पाहिली, तर मूठ शिरेना. मी दाबत राहिले.

"जोर नोका लावू, मावशी," मुलगी म्हणाली, "मायची शिवण उसवल."

मी हात काढून घेतला.