थोरली का धाकली

ऑर्डर आली तवा मी गॅरेजमधी बसून चेन धूत होतो. हवालदार मेजर दारातूनच ओरडला, "ओय जालना! तेरी तो लॉटरी लग गयी. सरकारी खर्चे से घर जा रहा है."

चौऱ्याहत्तर साल. लढाई होऊन तिसरं वर्ष चालू होतं. पोळा नुकताच झाल्ता.

मी डी.आर. होतो. डी.आर. म्हंजे डिस्पॅच रायडर. जे वायरलेसवर बोलता येत न्हाई, ते कागद पिशवीत घालायचे आणि मोटारसायकलवर पोचवायचे. रस्ता असो नसो. गावाकडं लोकांला वाटतं, फौजी म्हणलं की बंदूक. मला विचारतात, किती मारले? अरे बाबांनो, मी सगळ्या नोकरीत बंदुकीचा घोडा कमी आणि क्लच जास्त दाबला. आणि नोकरीतलं सगळ्यात मोठं काम कोणतं केलं म्हणाल, तर एक गाडी निवडली. हसू नका. ऐका.

डी.आर. लोकांसाठी कोणती गाडी बरी, ह्याची ट्रायल होती. कॅप्टन साहेबांनी नकाशा जीपच्या बॉनेटवर पसरला. वर धावड्याकडं डोंगर आणि खडक. मधी अंबडची काळी माती. खाली तीर्थपुरीच्या पल्याड गोदावरीची वाळू.

"एक ही दिन की राइड में तीनों," साहेब म्हणले. "ऐसी जगह और कहाँ मिलेगी?"

मी मनात म्हणलं, साहेब, आम्ही जन्मापासून तिथंच पाय घासून राह्यलो, आमचं कोणी कौतुक न्हाई केलं.

टीम चार जणांची. कॅप्टन साहेब, उत्तरेकडचे, तरुण, कमी बोलणारे. कुरियन, केरळचा मेकॅनिक, तोच ट्रक चालवायचा आणि ट्रकमधला रेडिओ सेटही तोच सांभाळायचा. मी. आणि नाईक गौतम साळवे. साळवे धावड्याचा, बौद्ध घरचा, वडील शाळेत मास्तर. कंपनीत आमच्याकडचे आम्ही दोघंच. रँकनं तो वरचा, पण एकटे असलो की मी त्याला दादाच म्हणायचो. त्याच्यासारखी गाडी चालवणारा मी अजून पाह्यला न्हाई.

गाड्या दोन. एक आमचीच जुनी, साडेतीनशे सीसीची, जड, आवाज असा की गाव जागं व्हावं. दुसरी नमुन्याला आल्ती. टू-स्ट्रोक, अंगानं बारीक, सायलेन्सर वर उचललेला, पुढचं मडगार्ड चाकापासून चांगलं वीतभर उंच. साळवेनं पहिल्याच दिवशी नावं ठेवली, थोरली आणि धाकली.

"दोन बायकांचा दादला झालो रे," तो म्हणला.

"कोणती लाडकी?"

"थोरली कमावती हाये. धाकली नाजूक हाये. बघू नांदतात कशा."

अंबडच्या बाहेर एका माळावर तंबू ठोकले. सकाळी पी.टी., चहा, मंग गाड्या. एक दिवस तो थोरलीवर, मी धाकलीवर. दुसऱ्या दिवशी उलटं. संध्याकाळी साहेब विचारायचे आणि फॉर्म भरायचे. स्पीड किती. पेट्रोल किती. चढ किती चढली. इंजन तापलं का. पहिल्या आठवड्यात मला लई मजा वाटली, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या आठवड्यात मजा गेली. रात्री आडवं झालं तरी हात हँडलवर असल्यागत थरथरायचे. जेवताना ताटलीतला डाळभात हलायचा. कुरियन म्हणायचा, "तुम दोनों का भी ऑइल बदलना माँगता."

खडकावर धाकली बकरीसारखी चढली. थोरलीही चढली, पण मोकळ्या दगडावर घसरली की तिला सांभाळता सांभाळता खांदे उतरायचे. वाळूत थोरली रुतायची, पण सरळ रस्ता मिळाला की तिच्यापुढं धाकली काहीच न्हाई. फॉर्मवर दोघी बराबर चालल्या होत्या. खरं सांगायचं तर थोरली थोडी पुढंच. तिचे पार्ट डेपोत भरलेले, मेकॅनिकांचा हात बसलेला. साहेबांचंही मन तिकडंच होतं.

धावड्याला गेलो त्या दिवशी साळवेची आई रस्त्यावर भाकरी घेऊन आल्ती. साहेबांनी दहा मिनिटं दिली. कुरियननं ठेचा तोंडात घातला आणि पाण्यासाठी ट्रककडं पळाला. माय हसून हसून बेजार. मंग तिनं दोन्ही गाड्यांकडं बघितलं.

"बाळा, ह्यातली कोणती पडत न्हाई?"

"दोन्ही पडतात, आई. कोणती उठती ते बघाया आलो आम्ही."

मला वाटलं चेष्टाच करून राह्यला. पण त्याच संध्याकाळी तो साहेबांच्या तंबूत गेला. मी बाहेर बूट पुसत होतो, मला सगळं ऐकू आलं.

"सर, एक टेस्ट और चाहिए."

"कौन सी?"

"गाडी आदमी के ऊपर गिरी है. आदमी अकेला है. निकल सकता है कि नहीं."

साहेबांनी कागद चाळल्याचा आवाज आला. मंग म्हणले, "साळवे, डायरेक्टिव्ह में ऐसी कोई टेस्ट नहीं है. जो लिखा है वही करेंगे."

"राइट सर."

बाहेर आला तवा मी विचारलं, हे काय मधीच? म्हणला, "झोप आता. उद्या काळी माती हाये."

धावड्याला जायच्या आधी दोन दिवस पाऊस लागून राह्यल्ता. तिसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं. चौथ्या दिवशी अंबडकडून तीर्थपुरीकडं जाणारी बैलगाडीची वाट धरली. वरून वाळलेली दिसत होती. काळी माती कशी असती, आमच्याकडच्या माणसाला सांगायला नको. पुरता राडा असला तर चाक पाण्यावरून निघून तरी जातं. पण अर्धी वाळली की ती लोण्यासारखी चिकटती, आणि एकदा चिकटली की वाढत जाती. मी धाकलीवर पुढं होतो. माझ्या चाकातून ढेकळं उडून पडत होती, पुढचं मडगार्ड उंच होतं म्हणून. मागं थोरलीचा आवाज येत होता. जड येत होता. मंग एकदम वर चढला, आणि बंद.

मी वळून बघितलं. वाटेवर कोणी न्हाई.

धाकली तशीच टाकून पळालो. थोरलीच्या मडगार्डमधी माती ठासून पुढचं चाक जाम झाल्तं आणि ती साळवेला घेऊन चाकोरीत आडवी झाल्ती. बैलगाडीच्या चाकानं पडलेली खोल चाकोरी, तिच्यात पावसाचं पाणी तुंबलेलं. वीतभर असेल. जास्त न्हाई. साळवे कुशीवर पडला होता. एक पाय इंजनखाली. हँडल मानेवर. तोंड पाण्यात जात होतं आणि तो मान वाकडी करून श्वास घेऊन राह्यल्ता.

मी मागून कॅरिअर धरलं आणि जोर लावला. गाडी हालली. पण मागून उचललं की पुढून हँडल खाली दाबायचं आणि त्याचं तोंड पुरतं पाण्याखाली जायचं. मला ते दिसलंच न्हाई. मी परत जोर लावला. पायाखाली काही टिकत नव्हतं, घोट्यापर्यंत आत चाललो होतो. तिसऱ्यांदा उचलाया गेलो तवा तो खोकत ओरडला.

"गाडी सोड!"

"दादा, निघतीय, थोडं…"

"ऑर्डर हाये! गाडी सोड. माझं डोकं धर."

मी सोडली. गुडघ्यावर बसलो आणि दोन्ही हातांनी त्याचं डोकं पाण्याच्या वर धरलं. मंग त्याचा श्वास नीट चालायला लागला. मी ओरडलो, जेवढा आवाज होता तेवढा. आजूबाजूला कपाशी आणि लांब एक बाभळ, बस. ट्रक पक्क्या रस्त्यावर, तिथून आम्ही दिसत नव्हतो.

"कोणी येईल," तो म्हणला. "तू हालू नको."

"पाय कसा हाये?"

"पायाचं सोड."

माझे हात भरून आले. डोकं किती जड असतं माणसाचं, तवा कळलं. मी परत ओरडलो. मंग तोच हळूहळू बोलायला लागला, मला जागेवर ठेवायला बोलला का स्वतःला, माहीत न्हाई.

"लढाईत, पूर्वेला असंच झाल्तं. भाताचं खाचर होतं. तुपे पडला. अशीच जड गाडी."

"कोण तुपे?"

"आमचा डी.आर. नामदेव तुपे. मी मागच्या गाडीवर होतो. वरून गोळीबार बिलकुल नव्हता. नुसतं पाणी होतं. एवढंच, एवढं." त्यानं नजरेनं खालचं पाणी दाखवलं. "मी गाडी उचलत राह्यलो. उचलत राह्यलो."

"मंग?"

"उचलली की. एकट्यानं उचलली."

"मंग दादा?"

"मंग काय. तोवर तो बुडाला होता." तोंडातलं पाणी थुंकून म्हणला, "डोकं धरायला पाहिजे होतं. मला सुचलं न्हाई."

मी त्याचं डोकं आणखी वर घेतलं.

मंग कपाशीतून एक बाई आली, हातात खुरपं, मागं दोन गडी. तिनं लांबूनच हाक टाकली.

"ए पोरा! मेलाय का जिता हाये?"

मी तोंड उघडायच्या आत खालून आवाज आला, "जिता हाये मावशी! पण जल्दी या!"

"आगं बाई, ह्यो तर आपल्यातलाच बोलून राह्यला!" ती म्हणली आणि लुगडं खोचून सरळ चिखलात शिरली. ती कोणाला विचारत बसली न्हाई. "तू हँडलाला लाग, तू मागं. ए फौजी, तू डोकं सोडू नको. हं, आता!"

तिघांनी मिळून गाडी सरळ वर उचलली. पाय बाहेर आला. नडगीतून वाकडा झाल्ता. साळवेनं बघितलं आणि डोळे मिटले.

मी धाकलीला किक मारली आणि ट्रकपर्यंत गेलो. साहेब जीपमधी पुढं गेल्ते, म्हणून कुरियननं सेट हातात घेतला; अल्फा म्हंजे साहेब, ब्राव्हो म्हंजे आम्ही.

"अल्फा, अल्फा, ब्राव्हो बोलता है… सॉरी सर. ब्राव्हो फॉर अल्फा. वन कॅज्युअल्टी. ओव्हर."

"अल्फा. किसको लगी? ओव्हर."

"नाईक साळवे. पैर टूटा है. होश में है. ओव्हर."

"आ रहा हूँ. आउट."

जालन्याच्या दवाखान्यात पाय प्लास्टरमधी गेला. साहेब खाटेजवळ उभे. मी जे झालं ते सगळं सांगितलं. तुपेचंही सांगितलं. साळवेनं माझ्याकडं रागानं बघितलं, पण अडवलं न्हाई.

साहेब म्हणले, "उस दिन बताया क्यों नहीं?"

"डायरेक्टिव्ह में नहीं था, सर."

दुसऱ्या दिवशी साहेब मला आणि कुरियनला घेऊन त्याच वाटेवर आले. पाणी नसलेली जागा बघितली. टोपी काढून माझ्याकडं दिली आणि चिखलात कुशीवर आडवे झाले. सरळ, काही न बोलता. "डालो," म्हणले.

"सर?"

"हेवी वाली. ऊपर डालो. और हाथ मत लगाना, जब तक मैं ना कहूँ."

कुरियन आणि मी थोरली त्यांच्या अंगावर ठेवली, पायावर वजन येणार न्हाई असं बघून. साहेब धडपडले. कोपरं रोवली, ढकललं, थांबले, परत ढकललं. तोंड लाल झालं. कालची ती मावशी बांधावर उभी होती, बरोबर चार-सहा बाया. एक म्हणली, "आगं, साहेबाला गाडीखाली का झोपवलं?" मावशी म्हणली, "कालच्याला वर काढलं, म्हणून आज दुसरा घातला असंल." बाया हसल्या. मला हसू आलं न्हाई. साहेब शेवटी म्हणले, "निकालो," आणि आम्ही काढलं.

मंग धाकली. तिच्याखालून ते निघाले. वेळ लागला, बेल्टचं बक्कल तुटलं, पण एकटे निघाले. उठून बसले, नखशिखान्त काळे, नुसते डोळे पांढरे.

"लिखो," म्हणले. मंग स्वतःच हात पुसून फॉर्म घेतला आणि सगळ्या खान्यांच्या खाली, कोऱ्या जागेत ही टेस्ट लिहिली.

वर काय ठरलं, कोणी ठरवलं, ते सिपायाला कोण सांगणार? पण आमच्या कंपनीत पुढं धाकल्या आल्या. साळवेचा पाय आखूड बसला. मेडिकल बोर्डानं त्याला घरी पाठवलं. धावड्याला असतो, शेती बघतो, गाडी चालवत न्हाई.

मी आणखी काही वर्षं होतो, नंतर नवीन डी.आर. पोरांना शिकवायला. ती टेस्ट आमच्या ट्रेनिंगमधी आली. पोरगं आडवं करायचं, गाडी अंगावर द्यायची, आपलं आपण निघायचं. आणि दोघं असतील तर दुसऱ्यानं आधी डोकं धरायचं, गाडी नंतर. साहेबांनी कागदावर तिला काहीतरी लांब इंग्रजी नाव दिलं. साळवे जाताना एकच म्हणल्ता, तिला तुपे म्हणा. तेच नाव राह्यलं. "आज तुपे है क्या उस्ताद?" पोरं सकाळी सकाळी विचारायची. "मेरा तुपे हो गया." "कल इसका तुपे फेल था."

मराठी पोरांनी त्याचा अर्थही काढला. अंगाला तूप लावल्यागत गाडीखालून निसटायचं, म्हणून तुपे. पंजाबी पोरांना तेच समजावून सांगायचे, घी लगा के निकलो. सगळे हसायचे.

मी पहिल्या पहिल्या बॅचला बसवून सगळं सांगायचो. खाचर, पाणी, जड गाडी, सगळं. ऐकताना गप्प व्हायची, दोन दिवसांनी परत घी, परत हसणं. पोरं हायेत, हसतील. मी पण दमलो. मंग थोडक्यात सांगायला लागलो. तूप-बीप काही न्हाई रे. तुपे माणूस होता. सिग्नलमन नामदेव तुपे. परभणीकडचा, गोदावरीच्या काठचा, साळवे सांगायचा.

एकदा एका पोरानं विचारलं, त्याला पोहता येत नव्हतं का?

येत होतं, म्हणलं. पुराच्या पाण्यात गोदावरी पार करायचा.