कुंकवाचं बोट

खंडेनवमीला सरांनी लॅबमधल्या भट्टीची पूजा मांडली. झेंडू, नारळ, हळदकुंकू. प्रकल्पाला पैसे देणारे पाहुणे आले होते, फोटोवाला होता. सरांनी भट्टीला कुंकवाचं बोट लावलं आणि तेच बोट लेड आयोडाइडच्या बशीकडे नेलं. दसऱ्याचं सोनं म्हणून पाहुण्यांना दाखवायचं होतं.

ती पिवळीधमक ढेप मी पावसाळाभर शुद्ध केली होती. माल नळीत घालायचा. तापलेलं कडं नळीवरून मुंगीच्या पावलाने सरकवायचं. कड्याखाली माल वितळतो आणि मळ त्या वितळलेल्या भागाबरोबर एका टोकाला जातो. ते काळं टोक कापून टाकायचं. पुन्हा नळी, पुन्हा कडं. त्यातून एक्स-रे टिपणारा स्फटिक वाढवायचा, ही माझी पीएचडी. बोटाचा घाम लागला तरी स्फटिक नासतो.

मी म्हणाले, "सर, हात नको. ग्लोव्हज घाला."

सर पाहुण्यांकडे बघून हसले. "शुद्ध-अशुद्ध आता ही आम्हाला शिकवणार!"

सगळे हसले. माझं आडनाव सगळ्यांना ठाऊक होतं. घोडपदेवची चाळ ठाऊक होती. आई परळच्या एका इस्पितळात रक्ताच्या चादरी धुवायची, हे मीच कधीतरी अभिमानाने सांगून बसले होते. सरांनी प्रसादाचं ताट दुसऱ्या मुलीच्या हातात दिलं. मला म्हणाले, "तू जरा मागे राहा. फोटो आहे."

मी मागे राहिले. त्यांच्या हसण्यापेक्षा मला आजही याचीच जास्त चीड येते.

अर्धी ढेप सरांनी त्याच हाताने नळीत भरली. हात न लागलेली उरलेली अर्धी मी झाकून कपाटात ठेवली.

स्फटिक निघाला तो काळपट. नळीला चिकटलेला, मधोमध तडकलेला. मीटिंगमध्ये सर सगळ्यांसमोर म्हणाले, "हिने माल नीट साफ केला नाही. स्वच्छता संस्कारातच असावी लागते." वड्याचं तेल वांग्यावर. मी उठले तर म्हणाले, "बस खाली." बसले.

घरी आईला सांगितलं. वाटलं, ती रडेल, सरांना शिव्या घालेल. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "तू मागं कशाला सरलीस?"

मला जेवण गेलं नाही.

पाहुणे पुन्हा येणार असं कळलं आणि सर माझ्या टेबलाशी आले. आवाजात साखर. "अगं, ती उरलेली अर्धी काढ. या वेळीही मीच भरतो. पेपरमध्ये तुझंही नाव टाकू."

तुझंही! पावसाळाभर भट्टीपाशी घाम मी गाळला, आणि नाव माझं*ही*.

ती अर्धी गेली की माझी पीएचडी गेली. माझी पाठ कपाटाला टेकली होती. सरांनी हात पुढे केला. सगळी लॅब बघत होती.

मी म्हणाले, "तिथेच थांबा, सर."

"काय?"

"लांब उभे राहा. तुमच्या हाताने बाटतं."

कुणी हसलं नाही. सरांचा हात हवेतच राहिला. मग ओरडले, "मी तुझा गाईड राहणार नाही!"

"नका राहू."

खूप बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? आजीच्या आजीपासून ऐकलेला तो शब्द, ज्याचा होता त्याला परत केला.

गाईड मी बदलून घेतला. भट्टी तीच आहे. दाराशी मी लाल पट्टी चिकटवली आहे. ग्लोव्हज नसतील तर पट्टीच्या पुढे यायचं नाही. सर तिथे येऊन अडतात, आत डोकावतात आणि परत जातात. मी मान वर करत नाही.

माझी अर्धी ढेप आता भट्टीत आहे. स्फटिक निघाला की त्याच पाहुण्यांना बोलावणार, तोच फोटोवाला आणणार. पहिला स्फटिक कुणाच्या बोटाने फुटला ते नाव घेऊन सांगणार. सरांनी आधी येऊन माफी मागितली तरी सांगणार.

आणि फोटोच्या वेळी त्यांना म्हणणार, तुम्ही जरा मागे राहा.