मध्यंतरापर्यंतचे सिनेमे

आधी माफी मागते. माझं अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, मग आईने धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी ठेवलं. हे कोणाला दाखवायला लिहीत नाही. पाहिलेल्या सिनेमांबद्दल कोणाशी तरी बोलावंसं वाटतं, पण चारचौघींत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. निंदणाला गेलं की बायांच्या सिनेमाच्या गोष्टी चालतात. मी खाली मान घालून गवत उपटत राहते. बोलायचं ठरवलं तरी सांगणार काय? मला सगळे सिनेमे अर्धेच माहीत आहेत.

त्याचं असं झालं. आमचा जुना टीव्ही वीज कडाडली तेव्हा जळाला. आमचे हे म्हणाले, फोन आहे ना. पण फोन दिवसभर त्यांच्या खिशात, आणि ते कारंज्याला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. मी मजुरीचे पैसे बाजूला टाकत गेले. तरी नव्या टीव्हीला तीन हजार कमी पडले. ते माझ्या नणंदेने दिले. ती यांची मोठी बहीण. नवरा वारल्यापासून आमच्या शेजारच्या घरात राहते. आम्ही तिला आक्का म्हणतो. तिने आपला बोकड विकला आणि व्याज नको म्हणाली. मला फार बरं वाटलं होतं.

टीव्ही वाशीमहून आणला, घरावर डिशची छत्री बसवली. दुसऱ्या दिवशी दुपारी आक्का वाती वळायचा कापूस घेऊन आली आणि खाटेवर बसली. मी सिनेमा लावला होता. पडद्यावर ‘मध्यंतर’ अशी अक्षरं आली आणि तिने रिमोट उचलला.

“आक्का, सिनेमा हाय अजून.”

“हाय ना. तुया वाटा झाला. आता माया.”

“वाटा?”

“वावर बटईनं देल्लं का अर्धा माल वावरवाल्याचा, अर्धा कसणाऱ्याचा. टीव्हीचं बी तसंच हाय. पैसे फिटत नाईत तवालोक अर्धा सिनेमा तुया, मंग माई मालिका.”

संध्याकाळी यांना सांगितलं तर हे हसले. “आक्का बरोबर बोलली. तू अर्धा पाहून घे, कामं बी होतीन.”

तेव्हापासून दोन वर्षं मी मध्यंतरापर्यंत सिनेमे पाहते. आक्काचे पैसे मी थोडे थोडे करून देत आले, पण कधी औषध, कधी मुलीची वह्या-पुस्तकं, असं मध्ये काही ना काही निघतंच.

मागच्या काही दिवसांत जे पाहिलं ते लिहिते.

एक नवा सिनेमा होता. शहरातला मुलगा खेड्यात येतो आणि तिथल्या मुलीवर त्याचं मन बसतं. मुलीच्या घरात चूल आहे पण धूर नाही. भिंती नुकत्याच सारवलेल्या, तिच्या हाताला मात्र शेण लागलेलं मी पाहिलं नाही. ते एक वेळ चालवून घेतलं असतं. पण मध्यंतराच्या आत पाच गाणी! माझ्या वाट्याला आधीच अर्धा माल, त्यातही गाणीच गाणी. गोष्ट सुरू व्हायला आली आणि मध्यंतर झालं. वाईट सिनेमा. पुढे चांगला झाला असेल तर ते आक्काला विचारा.

दुसरा भुताचा. मोठा बंगला, वरच्या मजल्यावर कुलूप लावलेली खोली. आतून बांगड्यांचा आवाज येतो. नवी सून हळूहळू जिना चढते, कुलूप आपोआप गळून पडतं, दार उघडायला लागतं आणि मध्यंतर. आक्काने लगेच मालिका लावली. तिच्या मालिकेत सासूने सुनेच्या खिरीत विष घातलं होतं आणि ती खिरीची वाटी तोंडापर्यंत न्यायला सुनेला आठवडा लागला. रोज आक्का म्हणायची, “पाय, आता पेते ते.” रोज सून वाटी खाली ठेवायची. मला मात्र त्या दाराची भीती घरभर पुरली. भूत दिसलं असतं तर भीती गेली असती. न दिसलेलं भूत फार दिवस राहतं. अंगणातल्या न्हाणीकडेसुद्धा मी दिवसाउजेडी मुलीला सोबत नेत होते.

एक जुना विनोदी सिनेमा. दोन मित्र एका घरमालकाला खोटं सांगून खोली मिळवतात, मग एक खोटं लपवायला दुसरं. मी पदर तोंडात धरून हसत होते. घरमालकाचा खरा पुतण्या दारात उभा राहिला तेव्हा माझा वाटा संपला. हा सिनेमा यांनी फोनवर पाहिलेला. मी विचारलं, पुढे काय झालं?

“भांडणं झाली.”

“मंग?”

“मंग लग्नं झाली. संपला.”

असा माणूस. जेवताना भाजीत काय आहे हे सांगतानाही ते एवढंच बोलतात, त्यामुळे मी जास्त ताणलं नाही.

खुनाच्या एका सिनेमाचं तर बोलूच नये. सुरू झाला आणि लाईन गेली. बऱ्याच वेळाने आली तेव्हा पडद्यावर नेमकं मध्यंतर. मी म्हटलं, “आक्का, माया वाटा तं लाईननं खाल्ला.”

“मंग लाईनवाल्याले माग. मले काहून मांगतं?”

त्या दिवशी मी चुलीपुढे बसून एकटीच पुटपुटत होते. तोंडावर बोलता येत नाही म्हणून लाकडं आपटून ठेवली. आक्काने आतून विचारलं, “काय वं, साप निघाला का?”

आता खरा सिनेमा. तो काळा-पांढरा आहे. एका घरातली धाकटी सून. घरातला दागिना हरवतो आणि आळ तिच्यावर येतो. ती पूर्ण वेळ काही बोलत नाही. कोणी टोमणा मारला की खाली पाहते. शेवटी सासरा सगळ्यांना ओसरीवर बसवतो आणि म्हणतो, बोल, आज तरी बोल. ती पदर सारखा करते, मान वर करते, ओठ उघडते आणि तिथे मध्यंतर.

हा सिनेमा मी पहिल्यांदा नवी नवरी असताना शिरपूरला नातेवाइकांकडे गेले होते तेव्हा पाहिला. बरोबर त्याच ठिकाणी मला चहा ठेवायला उठवलं. दुसऱ्यांदा मागच्या महिन्यात लागला. मी आक्काला म्हटलं, पाचच मिनिटं. ती म्हणाली, “तितल्यात माई सून खीर पेऊन मरंन.”

ती काय बोलली असेल हे माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही. बचत गटाच्या बैठकीत नाव पुकारलं तरी मी नुसता हात वर करते. मला वाटायचं, त्या बाईने काय म्हटलं ते एकदा ऐकावं. आपल्यालाही कधी उपयोगी पडेल.

परवाच्या रविवारी तो पुन्हा लागणार अशी जाहिरात टीव्हीवर आली. आक्काचे पाचशे राहिले होते. निंदणाचे चारशे माझ्याकडे होते, बाकीचे सोमवारी मिळणार होते.

रविवारी हे खाटेवर घोरत होते, म्हणून आक्का खाली पोत्यावर बसली. सिनेमा सुरू झाला. ओसरी आली, सासरा आला, ‘मध्यंतर’ आलं. आक्काचा हात रिमोटकडे गेला. मी आधीच तो उचलला होता. चारशे रुपये तिच्या मांडीवर, कापसात ठेवले.

“हे घ्या. आज रिमोट नाई देत.”

आक्काने अंगठा ओला करून नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या.

“चारशेच हायेत. शंभर बाकी.”

“उद्या देतो.”

“मंग उद्या पाय सिनेमा.”

“नाई,” मी म्हटलं.

हे कूस बदलून म्हणाले, “काय चाललं दोघींचं?”

आणि पडद्यावर ती बोलली. काय बोलली? “माझं चुकलं. मला माफ करा.” सासऱ्याच्या पायावर डोकं ठेवलं आणि रडत रडत गाणं सुरू.

मी टीव्हीकडे पाहतच राहिले. तिने दागिना घेतलाच नव्हता. पुढे तो दिराच्या पेटीत सापडला. मग सगळे म्हणाले, किती सोसलं पोरीने, आणि तिला ओवाळलं. त्या बाईने एकदा तरी म्हणायला हवं होतं की पेट्या उघडा, घर शोधा. इतकी वर्षं मी तिच्यासाठी थांबले. सिनेमा लिहिणाऱ्याच्या घरात कधी कोणी बाई बोललीच नसेल.

“चोरी नाई केली तं माफी कायले मांगते वं ही?” आक्का म्हणाली.

“मले काय माहीत?” मी जोरात बोलले.

“याच्यापरीस माई सून बरी. वाटी तरी खाली ठेवते,” ती म्हणाली आणि कापूस गोळा करून घरी गेली. मालिका लाव म्हणून तिने म्हटलं नाही. मीही लावली नाही. भाकरी थापताना त्या बाईचा राग पुन्हा पुन्हा येत होता, एक भाकरी करपली.

सोमवारी मजुरी मिळाली तशी हातपाय धुऊन तिच्या दारात गेले. ती शेळीला पाला टाकत होती.

“आता मले येऊ देशीन का नाई टीव्हीपाशी?” तिने माझ्याकडे न पाहता विचारलं.

“या ना. पण सिनेमा संपल्यावर मालिका.”

“पयले नाई का?”

“नाई.”

तिने पाल्याचा हात लुगड्याला पुसला आणि पुढे केला. मी त्यावर शंभराची नोट ठेवली. तिने नोट उजेडाकडे धरून पाहिली, कमरेच्या पिशवीत घातली आणि म्हणाली, “फिटले. सारे फिटले.”