सावित्रम्माच्या गॅलरीतली पिंपं

मीनाबाईंच्या पायाला भिंगरी होती. दवाखान्यात आया म्हणून उभी हयात या वॉर्डातून त्या वॉर्डात पळण्यात गेली. रिटायर झाल्यावर लेकानं, प्रदीपनं, हौसेनं आरामखुर्ची आणली, तर तिच्यावर त्यांच्यापेक्षा मांजरच जास्त बसलं. शेवटी त्यांनी एका संस्थेचं काम धरलं. सोलापूरच्या बाहेर नवी वसाहत उठली होती. पत्र्याच्या खोल्यांतली, भाड्याच्या घरांतली माणसं पहिल्यांदाच स्वतःच्या फ्लॅटात आली होती. त्यांना घर वापरायला शिकवायचं.

मीनाबाई वर्ग म्हणून कधी भरवायच्या नाहीत. दारात उभं राहून "काय गं, मोरी तुंबती का?" म्हणायचं, चहा घ्यायचा, आणि कप खाली ठेवेस्तोवर भिंतीची ओल, नळाची गळती, सगळं डोळ्यांखालून घालायचं.

"घर त्यांचं, तू का झिजतीस?" प्रदीप कुरकुरायचा.

"पेशंट घरी सोडला म्हंजी बरा झाला, असं नसतंय बाबा."

त्या शुक्रवारी मात्र चहाचा कप तसाच राहिला. दुसऱ्या मजल्यावर सावित्रम्माच्या गॅलरीत सहा निळी पिंपं काठोकाठ भरलेली. गॅलरी म्हणजे भिंतीतून नुसता बाहेर काढलेला स्लॅब. खाली ना खांब, ना भिंत. उंबऱ्यापाशी फरशीला चीर पडली होती. मीनाबाईंनी सोमवारी तिच्या टोकाला पेन्सिलीनं खूण केली होती. आज चीर खूण ओलांडून बोटभर पुढं गेली होती. आणि संध्याकाळी घरभरणी, बायांचं हळदीकुंकू! बाया येणार, घर बघणार, आणि वारा खायला सगळ्या गॅलरीतच उभ्या राहणार.

"अम्मा, पिंपं आत घ्या. आत्ताच्या आत्ता."

सावित्रम्मा पुऱ्या लाटत होती. "आत कुटं? पाव्हण्यांच्या डोक्यावर?"

"मग रिकामी करा. गॅलरी खाली येईल सगळ्यांना घिऊन."

लाटणं थांबलं. "पानी वतू? सोलापुरात ऱ्हाता का लंडनात? जनमभर विड्या वळल्या, नळावर बायांच्या शिव्या खाल्ल्या. आता माज्या दारात पानी हाय, तर तुमाला बघवंना व्हय?"

मीनाबाई जिन्यात आल्या आणि संस्थेच्या इंजिनिअरला, दीपकला, फोन लावला. "मावशी, कुणाला पाय ठेवू देऊ नका. मी गावाला आहे, उद्या सकाळीच येतो." उद्या! त्या खाली उतरल्या. गॅलरीच्या सावलीत म्हाताऱ्या शेंगा फोडत बसल्या होत्या, त्यांना उठवलं. वर गेल्या. जिन्याच्या खिडकीतून डोकावून बघतात तर म्हाताऱ्या परत तिथंच. पुन्हा खाली.

जिन्यात पहिल्या मजल्यावरची मल्लव्वा भेटली, काखेत मोकळी घागर. "बाई, पान्याची पाळी उद्या. आमचं पिंप खरवडायची येळ आली बघा. सावित्रम्माकडं हाय, पण घरभरणीदिवशी तिच्या दारात मोकळी घागर कशी न्यायची?"

मीनाबाई थबकल्या. मग गुडघे विसरून वर चढल्या.

"अम्मा, हळदीकुंकवाला वाण काय?"

"डब्या आनल्यात. सून दील. मी रांडकी बाई, माज्या हातचं कोन घेतंय?"

मीनाबाई बौद्ध, त्यांच्या घरात हळदीकुंकू नव्हतंच. पण त्या आवाजातलं दुखणं त्यांना कळलं. "डब्या सुनेला दिऊ द्या. तुमी पानी द्या. स्वताच्या घरचं, घागर घागर."

सावित्रम्मानं पिठाचे हात पदराला पुसले. "घेतील?"

"न घिऊन जात्यात कुटं? पाळी उद्या हाय की."

सावित्रम्माला हसू फुटलं. तेवढ्यात मीनाबाईंनी म्हाताऱ्यांना खालून कायमचं उठवायला सुनेला पिटाळलं, कुणी पाऊल टाकू नये म्हणून गॅलरीच्या दारात पाट आडवा टाकला, काठीला नळी बांधून पिंपात सोडली आणि तोंडानं ओढून पाणी आत घेतलं. बाया आल्या. आधी दबकत आल्या, मग निरोप गेले तशा रांगेनं आल्या. सावित्रम्मा कमरेवर हात ठेवून वाकत होती, पण नळी सुनेच्या हातात देत नव्हती.

"मल्लव्वा, दोन घागरी? वान एकच असतंय गं!"

"एक माज्या सासूचं की!"

"तुजी सासू मरून किती वरसं झाली?"

"म्हनून काय तिला तान लागत न्हाय?"

दिवेलागणीला सहावं पिंप तळाला गेलं. मीनाबाईंनी मोकळी पिंपं दारातूनच काठीनं आत ओढून घेतली, गॅलरीच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली आपल्या कनवटीला लावली.

"चीर तर हायच," सावित्रम्मा म्हणाली.

"हाय. इंजिनिअर बघंल."

"आन उद्या पानी आलं की? मोकळी ठेवनार न्हाय मी, आदीच सांगते." मग तिनं घरभर नजर फिरवली. "कुटं ठिवू ते तुमी सांगा."

मोरीच्या भिंतीला दोन, ओट्याजवळ एक. बाकीची मावेनात. "एवढ्यावर भागवा," मीनाबाई म्हणाल्या. सावित्रम्मानं तोंड वाकडं केलं, पण नाही म्हणाली नाही.

रस्त्यावर येऊन त्यांनी वर पाहिलं. इमारतीमागं इमारत, आणि मजल्यामजल्यावर गॅलऱ्यांत निळी पिंपं. आज मोकळी होती. उद्या पाणी सुटलं की सगळी एकदम भरणार.

फोन वाजला. "आई, रिक्षा मिळाली का?"

"न्हाय," म्हणत मीनाबाई शेजारच्या इमारतीचा जिना चढायला लागल्या.